बालवाडीतील सराव-अध्यापन

बालवाडीतील सराव-अध्यापन म्हणजे पूर्वप्राथमिक शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या प्रशिक्षणार्थीने अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष बालवर्गात अध्यापनाचे काम शिकणे होय. हा वर्ग साधारणतः ३ ते ६ वयोगटातील मुलांचा असतो. प्रशिक्षणार्थीस छात्रशिक्षिका आणि तिला वर्गात साहाय्य करणारीस मार्गदर्शक शिक्षिका असे म्हणतात. बालमानसशास्त्र, आरोग्य, पोषण व अध्यापन पद्धती या विषयांच्या तात्त्विक अभ्यासाइतकेच महत्त्व सराव-अध्यापनाला दिले जाते. या वयाचे मूल सूचना ऐकून कमी आणि हाताळून, पाहून व खेळून अधिक शिकते. त्यामुळे बोलून शिकवण्याची सवय बाजूला ठेवून मुलाचे निरीक्षण करण्याची सवय लावून घेणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा मानला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळावर आधारित संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लहान मुलांना शिकवणे हे प्रशिक्षण घेऊन करावयाचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. या कामासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना तयार केले. इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत शिक्षिकेचे मुख्य काम योग्य साधने मांडून ठेवणे आणि मुलाच्या कृतीत अकारण हस्तक्षेप न करता तिचे निरीक्षण करणे हे होते. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. त्यांच्या भारतातील वास्तव्यात अनेक भारतीय शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतले.

त्यापूर्वीच गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून भावनगर येथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकाचा नायक असलेला शिक्षक चौथीच्या वर्गात प्रयोग करायला जातो. पहिल्या दिवशी त्याने योजलेला शांततेचा खेळ मुलांच्या गोंगाटात फसतो. मग तो गोष्टींच्या वाटेने मुलांपर्यंत पोहोचतो. वर्ग बालवाडीचा नसला तरी योजना आणि प्रत्यक्ष वर्ग यांतील अंतराचे हे चित्रण बालशिक्षकांच्या प्रशिक्षणातही उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रातील परंपरा

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बालशिक्षणाचे हे काम महाराष्ट्रात रुजवले. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. प्राथमिक शिक्षिका म्हणून अनुभव असलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यातून आकाराला आली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तू वापरण्यात आल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे वारली मुलांमध्ये विस्तारले. शिक्षिकांचे प्रशिक्षण हा या कार्याचा महत्त्वाचा भाग होता. मूल वर्गात जमत नसेल तर दोष मुलाचा न मानता वर्गाची रचना बदलावी, हा धडा या परंपरेने प्रशिक्षणार्थींना दिला.

टप्पे

सराव-अध्यापनाची रचना अभ्यासक्रमानुसार बदलते. सामान्यतः तिचे पुढील टप्पे आढळतात.

१. निरीक्षण : छात्रशिक्षिका प्रथम वर्गात बसून नोंदी करते. नोंदीत मत आणि घटना वेगळ्या ठेवायला ती शिकते. ‘मूल हट्टी आहे’ हे मत होय; ‘दहा मिनिटांत तीन वेळा शेजारच्या मुलाच्या हातातील ठोकळा ओढून घेतला’ ही घटना होय. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीवरून मुलाला ठोकळे अपुरे पडतात, की मागून घेण्याची भाषा येत नाही, याचा विचार करता येतो.

२. साहाय्य : साहित्य मांडणे, हात धुण्यास मदत करणे, खाऊच्या सुट्टीत मुलांसोबत बसणे, लहान गटाला गोष्ट सांगणे अशी कामे ती करते.

३. सराव पाठ : बडबडगीत, गोष्ट, मातीकाम, ठसेकाम किंवा परिसर निरीक्षण अशा एखाद्या उपक्रमाचे पाठ टाचण काढून ती तो स्वतः घेते. उपक्रमाचा उद्देश, साहित्य, क्रम आणि अंदाजे वेळ टाचणात लिहिलेला असतो. पाठानंतर मार्गदर्शक शिक्षिकेशी चर्चा होते.

४. पूर्ण दिवसाची जबाबदारी : शेवटी मुले येण्यापासून पालकांच्या हाती सोपवण्यापर्यंतचा दिवस ती सांभाळते. बैठे व हालचालीचे खेळ, सामूहिक व वैयक्तिक काम यांचा तोल राखण्याची तिची कसोटी येथे लागते.

वर्गातील अनुभव

वर्षारंभी आईपासून दूर होताना रडणारी मुले ही बहुतेक छात्रशिक्षिकांपुढील पहिली अडचण असते. ‘रडू नकोस’ असे सांगून किंवा खोटे आश्वासन देऊन मूल शांत होईलच असे नाही. ‘आई आत्ता येते’ असे सांगितल्यावर ती बराच वेळ आली नाही, तर मुलाचा शिक्षिकेवरील विश्वास कमी होऊ शकतो. या वयात घड्याळाची वेळ समजत नाही, म्हणून ‘खाऊ खाऊन, गोष्ट ऐकून झाली की आई येईल’ असे दिवसाच्या क्रमाने सांगणे उपयोगी पडते.

दुसरा अनुभव वेळेचा असतो. वीस मिनिटांसाठी योजलेला पाठ पाच मिनिटांत संपतो, किंवा पानांचे आकार दाखवताना पानावरील मुंगीकडेच सगळी मुले वळतात. नवखी छात्रशिक्षिका त्यांना पुन्हा टाचणाकडे ओढू पाहते. सरावाने ती मुंगीलाच पाठाचा विषय करू लागते आणि हाताशी दोन-तीन जादा खेळ तयार ठेवते. वर्ग शांत करण्यासाठी आवाज चढवल्यास मुलांचाही आवाज चढतो; हळू आवाजात गाणे किंवा टाळ्यांचा खेळ सुरू केल्यास मुले त्यात सामील होण्याची शक्यता अधिक असते.

तिसरा अनुभव थांबण्याचा असतो. मणी ओवताना मुलाचा दोरा चुकतो तेव्हा मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. मणी ओवला जातो, परंतु बोटांच्या स्नायूंना मिळणारा सराव मात्र हुकतो. मदत केव्हा करावी, किती करावी आणि केव्हा बाजूला व्हावे हे ठरवणे या अध्यापनातील कठीण कौशल्य मानले जाते.

मुलांची घरची भाषा हाही कसोटीचा मुद्दा ठरतो. प्रमाण मराठीतील सूचना न समजल्याने गप्प बसलेले मूल ‘मंद’ ठरवले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी छात्रशिक्षिकेने पाणी, भूक, दुखणे, शौच यांसाठीचे मुलाच्या भाषेतील शब्द आधी शिकून घेणे आवश्यक ठरते.

आकलन आणि पाठांतर

पालकांकडून मुलाला लवकर लिहिता यावे, आकडे म्हणता यावेत अशी अपेक्षा अनेकदा व्यक्त होते. पाठांतर आणि समज यांतील फरक छात्रशिक्षिकेला वर्गातच दिसतो. ‘एक ते दहा’ न अडखळता म्हणणारे मूल ‘पाच खडे आण’ म्हटल्यावर मूठभर खडे आणते. म्हणताना प्रत्येक शब्दाची एकेका वस्तूशी जोडी लावणे, म्हणजे एकास एक संगती, त्याला अजून साधलेली नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, या वयाच्या अनेक मुलांना तेवढेच खडे दूरदूर मांडले की ते जास्त वाटतात. असे प्रसंग पालकांना प्रत्यक्ष दाखवल्यास खेळामागील हेतू स्पष्ट करता येतो. पालकांशी आदराने आणि नेमके बोलणे हादेखील सराव-अध्यापनाचाच भाग ठरतो.

शिक्षिकेच्या चिंतेत होणारा बदल

अमेरिकन संशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये नवशिक्षकांच्या चिंतांविषयी मांडणी केली. प्रारंभी शिक्षकाचे लक्ष स्वतःकडे असते : वर्ग आपले ऐकेल का, निरीक्षक काय म्हणतील. पुढे ते साहित्य, वेळ व पद्धतीकडे वळते आणि नंतर मूल काय शिकले याकडे जाते. छात्रशिक्षिकेच्या नोंदवहीत हा बदल दिसू शकतो. सुरुवातीच्या ‘पाठ चांगला झाला’ अशा नोंदींची जागा नंतर ‘गटात न बसणारी मुलगी आज गोष्ट संपेपर्यंत दारापाशी उभी राहून ऐकत होती’ अशा नोंदी घेतात.

सद्यस्थिती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांमध्ये पोषण व आरोग्यासोबत पूर्वप्राथमिक शिक्षणाचीही जबाबदारी अंगणवाडी सेविकेवर असते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला लागू आहे; ३ ते ६ वयोगटाला त्यातील सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क मिळालेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर मानला. बारावी किंवा त्याहून अधिक शिक्षण झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर त्यापेक्षा कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम या धोरणात सुचवला आहे. डिजिटल व दूरस्थ माध्यमांवर भर देताना अशा प्रशिक्षणाला प्रत्यक्ष वर्गातील मार्गदर्शनाची जोड किती मिळते, यावर त्याची गुणवत्ता बऱ्याच अंशी अवलंबून आहे. मणी ओवणाऱ्या मुलाजवळ हात आवरून बसण्याचे कौशल्य पडद्यावर पाहता येते, पण अंगवळणी पडते ते मुलांमध्ये बसूनच.

हेही पाहा

गिजुभाई बधेका
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
अंगणवाडी
मॉन्टेसरी शिक्षणपद्धती