गडचिरोलीचे आरोग्यदूत
डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत 1995 पासून ज्या अल्पशिक्षित ग्रामस्त्रियांस नवजात अर्भकांच्या शुश्रूषेचे रीतसर शिक्षण दिले, त्या प्रसूतिसमयी घरी हजर राहत, बाळाचे वजन घेत, त्याचे श्वास मोजीत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच मातापित्यांच्या संमतीने जेन्टामायसिनचे इंजेक्शन स्वहस्ते टोचीत. इस्पितळ दूर असलेल्या मुलखात हा अखत्यार त्यांच्याकडे सोपविणे धाडसाचे होते, तितकेच न्याय्यही. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजातमृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर 2011 पासून अर्भकाच्या पहिल्या 42 दिवसांतील सहा-सात गृहभेटी देशभरच्या ‘आशा’ आरोग्यकार्यकर्त्यांकडे आल्या. सरकारदफ्तरी मात्र या आशा अद्याप स्वयंसेविकाच गणल्या जातात, हे मनास सलते.