विमानाच्या पोटांतील कारागिरी

मुलांनीं खेळणें बाजारांतून तयार आणावें कीं स्वहस्तें घडवावें, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. आमचें मत दुसऱ्या पक्षाचें आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एका निराळ्या छंदाची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाटकेश येथील आमच्या एकत्र कुटुंबांत कॉलेजांत शिकणारा एक पुतण्या आहे. तो सध्या ‘कॅनबेरा’ या बॉम्बफेकी विमानाची ७२ पट लहान प्रतिकृति करीत आहे. विमानाचे बाहेरचे भाग पेटींत तयार आले. परंतु पोटांतील बॉम्बकोठी बंदच होती. ती कापून उघडावयाची आणि तिचें अंतरंग कोऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यांतून मुळापासून घडवावयाचें, हें या छंदांतील खरें कसब होय.

प्रथम प्रश्न मानाचा. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारें १९.५ मीटर, प्रतिकृतींत ते २७ सेंटिमीटर होतात. मूळचा एक इंच येथें ०.३५ मिलिमीटर भरतो. आपल्या प्रतिमाशास्त्रांत आठ यवांचें एक अंगुल धरून मूर्तीचे अवयव प्रमाणांत बसवितात, त्याच जातीचें हें गणित. आतां पेटींतील कवच एक मिलिमीटर जाड असलें, तर मूळच्या हिशोबानें ती ७२ मिलिमीटरांची, म्हणजे जवळजवळ चार अंगुळांची भिंत झाली! खऱ्या विमानाचा पत्रा इतका जाड कोठून असणार? म्हणून कोठीच्या तोंडाची कड आंतून कानशीनें व पॉलिशपेपरनें घांसून धारेसारखी पातळ करावी लागते.

नंतर पाव मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचें कमानदार छत करावयाचें व त्याला सारख्या अंतरावर फांसळ्या चिकटवावयाच्या. या फांसळ्या एकावर एक ठेवून एकदम घांसल्या, म्हणजे सर्व एकसारख्या उतरतात. विजेची जुनी वायर सोलून निघालेल्या तांब्याच्या केसासारख्या तारा नळ्यांच्या जागीं बसतात. आपल्या वायुदलाकडील बी(आय)५८ या प्रकारांत कोठीच्या मागील भागीं २० मिलिमीटरांच्या चार तोफांचा संच बसवितां येई. तेवढें भोंक या मानानें ०.२८ मिलिमीटर होतें; त्यासाठीं इंजेक्शनच्या बारीक सुईचे तुकडे उपयोगी पडतात.

“इतकें करून विमान टेबलावर ठेवलें, कीं त्याचें पोट दिसणार कोणाला?” असें आमच्या कुटुंबानें एकदां विचारलें.

“काकू, दिसलें नाहीं तरी आंत काय आहे तें मला ठाऊक आहे ना!” असें उत्तर मिळालें.

खरा वाद पुढेंच झाला. कोठींत बॉम्ब ठेवावयाचे कीं नाहीं? आमच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, घरांत संहाराचें साधन शोभेला नको. पुतण्याचें म्हणणें, ज्या कामासाठीं कोठी होती तें लपविलें तर प्रतिकृति खोटी ठरेल. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. तेव्हां आम्हीं दोघांस गोवामुक्तीची हकीकत सांगितली. ता. १८ डिसेंबर १९६१ रोजीं विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखालीं १२ कॅनबेरा विमानांनीं दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचा स्फोटक मारा केला. परंतु विमानतळावरील इमारती व इतर सोयी यांस धक्का लावूं नये, अशी वरिष्ठांची स्पष्ट आज्ञा होती, आणि ती पाळली गेली. कोठींत बळ भरलेलें असतांही तें कोठें वापरावयाचें नाहीं हें ठरविणें, यांतच मनुष्याचा विवेक दिसतो.

शेवटीं बंधूंनीं संमति दिली, ती एका अटीवर: प्रतिकृतीच्या तळाशीं त्या दिवसाची तारीख व ती आज्ञा पुतण्यानें आपल्या हातानें लिहावी. १९५७ पासून २००७ पर्यंत पन्नास वर्षें या विमानांनीं आपल्या वायुदलांत सेवा केली, हेंही तेथें यावयाचें आहे.

आमची पालकांस विनंति इतकीच कीं, घरांतील मुलाला असा नाद असेल तर त्याला खिडकीजवळचें एक टेबल द्यावें. सुरी व गोंद जपून वापरण्यास शिकवावें. आणि अधूनमधून जवळ बसून ही वस्तु काय आहे व ती कोणीं कशी वापरली, हें त्याला विचारावें.