एक पोर्ट, दोन दावेदार

२०१६ साली रास्पबेरी पाय ३ बाजारात आला आणि अनेकांच्या चालत्या जोडण्या बंद पडल्या. आठव्या आणि दहाव्या पिनेवरचं जीपीएस मॉड्यूल पाय २ वर बिनतक्रार चालायचं. तेच नव्या बोर्डावर लावलं की अक्षांश-रेखांशांऐवजी पडद्यावर निरर्थक अक्षरं, नाहीतर काहीच नाही. मग तारा बदलून बघायच्या, मॉड्यूल बदलायचं, पुन्हा सोल्डरिंग करायचं. दोष मात्र त्यातल्या कशातच नसायचा.

पायच्या मुख्य चिपमध्ये सिरियल संवादासाठी दोन यूआर्ट होते. पीएल०११ हा पक्का, स्वतंत्र घड्याळावर चालणारा. दुसरा मिनी यूआर्ट, साधा आणि पॅरिटीची सोय नसलेला. पाय ३ मध्ये ब्लूटूथ बोर्डावरच आलं आणि पीएल०११ त्याला देऊन टाकला. पिनांच्या वाट्याला मिनी यूआर्ट आला. तो चिपच्या कोअर घड्याळावर चालतो, आणि हे घड्याळ कामाच्या ताणाप्रमाणे २५० वरून ४०० मेगाहर्ट्झवर जातं. मग ९६०० चा वेग थेट १५,३६० होतो. मॉड्यूल ९६०० नेच बोलत राहतं, ऐकणारा भलत्याच वेगानं ऐकतो, अक्षरं बिघडणारच. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल यूआर्ट’ची ओळ घातली की पाय ३ वर मिनी यूआर्ट सुरू होतो आणि कोअर घड्याळ २५० वर स्थिर राहतं. ब्लूटूथ लागत नसेल, तर ‘डिसेबल बीटी’ हा ओव्हरले लावून पीएल०११ पिनांना परत द्यावा. माझं मत विचाराल तर जीपीएससाठी हाच मार्ग चांगला.

दुसरा दावेदार लिनक्सच्या आतच असतो. सिरियल कन्सोल चालू असेल, तर त्याच पोर्टवर लॉगिनची वाट बघत गेटी हा प्रोग्रॅम बसलेला असतो. जीपीएसचं वाक्य आलं की त्यातले काही बाइट गेटी उचलतो, काही तुमचा प्रोग्रॅम. जो आधी वाचेल, त्याला मिळतात. वाक्यं मधेच तुटतात, चेकसम जुळत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ सुडोसह चालवून पोर्ट कुणी धरलाय ते पाहावं. धरणारा गेटीच निघाला, तर रास्पी-कॉन्फिगमध्ये लॉगिन शेलला ‘नाही’ आणि सिरियल हार्डवेअरला ‘हो’ म्हणायचं, मग रीबूट. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, तर मात्र तो बहुतेक वेळा पोर्टचा झगडा नसतो. वापरकर्ता डायलआउट गटात नसतो, एवढंच. आणि पाच व्होल्टचं उपकरण या पिनांना थेट लावू नका, त्या ३.३ व्होल्टच्या आहेत, चिप जळू शकते.

यूएसबीवरही असं घडतं. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच३४० चिप असलेला स्वस्त आर्डुइनो लावला की पोर्ट दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. अंधांसाठीचा ब्रेल डिस्प्ले चालवणारी ‘बीआरएलटीटीवाय’ सेवा त्याला आपलंच उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल वापरणारं कुणी त्या यंत्रावर नसेल, तरच ती काढावी.

पाय ५ वर पिनांचा आणि ब्लूटूथचा हा झगडा उरलेला नाही. पण तिथे पोर्टचं ‘सिरियल०’ हे टोपणनाव मुळात पिनांकडे जातच नाही, ते तीन पिनांच्या छोट्या डीबग सॉकेटकडे जातं. पिनांसाठी ‘टीटीवायएएमए०’ असं स्पष्ट लिहावं लागतं.