डायरीत दिवसच नाही, मनही लिहा

"आज मूड खराब आहे," असं आपण सहज म्हणून जातो. पण खराब म्हणजे नेमकं काय? राग, भीती, की कोणी साधी विचारपूसही केली नाही याचं दुःख? डायरी लिहिताना हेच हळूहळू उलगडतं.

१९८६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहीत होते. मनाला लागलेली घटना आणि तेव्हाच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांना सुरुवातीला उदास वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

तुम्हीही करून पाहा. साधी वही घ्या, मोबाइल बाजूला ठेवा. आधी काय घडलं ते लिहा: "आईने फोन लवकर ठेवला." मग काय वाटलं ते: "राग आला." आता स्वतःला विचारा, या रागामागे काय आहे? कदाचित उत्तर येईल, "मला एकटं वाटत होतं, तिच्याशी बोलायचं होतं." मग रुसून बसण्यापेक्षा पुन्हा फोन करावासा वाटेल.

शुद्धलेखनाची काळजी नको; ही वही कोणी तपासणार नाही. लिहिताना फारच त्रास झाला, तर तो विषय तिथेच सोडा. मन सतत जड राहत असेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

आज रात्री दोनच ओळी लिहा: काय घडलं आणि मला काय वाटलं.