पैठणचा राजा, खांद्यावर वेताळ

अमावस्येच्या आदली रात्र, पेटलेल्या चितांचं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, त्या प्रेतात शिरलेला वेताळ आणि हातात तलवार घेऊन एकटाच आलेला राजा. एखाद्या नव्या सीरिजचा ट्रेलर वाटतोय ना? पुस्तकांच्या दुकानात हल्ली दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘डार्क फँटसी’चा वेगळा कप्पा असतो. छोटे राजे, काळी जादू, शापित सिंहासनं असा सगळा मसाला. पण ही वरची गोष्ट तुमच्या आजीलाही माहितीये. विक्रम-वेताळ!

आपल्यापैकी काहींनी ती जुन्या ‘चांदोबा’त वाचलीये. बाकीच्यांच्या आईबाबांनी १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची मालिका बघितलीये. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा डोळ्यांसमोर येतो, तो ‘चांदोबा’चे चित्रकार शंकर यांच्यामुळे. २०२० मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी ते गेले.

पण हा राजा कुठला? उज्जैनचा, असं तुम्ही पटकन म्हणाल. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात लिहिलेला ‘कथासरित्सागर’ उघडा. तिथे तो आहे विक्रमसेनाचा मुलगा त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण!

आता शहाडच्या पुलावर उभे राहा. खालून कसारा लोकल जाते आणि पुलावरून मुरबाडचा रस्ता. याच रस्त्याने पुढे गेलं की नाणेघाटाचा पायथा लागतो. वर जुन्नर, आणि त्याच्याही पुढे पैठण. सातवाहनांच्या काळात माल याच घाटातून कल्याण बंदराकडे उतरायचा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात कल्याण आणि पैठण दोन्ही गावं आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून आहे. तिथल्या लेण्यात राजघराण्याचे पुतळे होते. राजा, राणी नागनिका आणि छोटे कुमारसुद्धा. आज भिंतीवर त्यांची कोरलेली नावं आणि खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. घ्या, याहून ‘डार्क’ काय पाहिजे?

गोष्टीकडे येऊ. क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. दहा वर्षं! राजा ते न बघता खजिनदाराकडे देऊन टाकतो. एक दिवस फळ जातं माकडाच्या हातात, ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. एवढी रत्नं कशाला, असं राजा विचारतो. भिक्षू म्हणतो, मंत्रसाधनेसाठी एका वीराची मदत हवीये, कृष्ण चतुर्दशीला रात्री स्मशानात ये. राजा शब्द देतो आणि अडकतो.

पुढचा खेळ तुम्हाला माहितीये. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर प्रेत परत झाडावर! खरं बोललं तरी नुकसान, नाही बोललं तर जीव जाणार. लहानपणी यात फक्त भुताची मजा वाटते. विशीत वाचलं की कळतं, हा खुर्चीत बसलेल्या माणसाचा पेपर आहे.

पहिलीच गोष्ट बघा. एक राजपुत्र, त्याचा मित्र आणि पद्मावती यांच्या डावपेचात पद्मावती डाकीण ठरते, राजा कर्णोत्पल तिला नगराबाहेर काढतो आणि तिचे आईवडील दुःखाने मरतात. या मरणाचं पाप कोणाचं? त्रिविक्रमसेन त्या तिघांपैकी कोणाचंही नाव घेत नाही. दोष राजाचा, तो म्हणतो, कारण त्याने चौकशी न करता शिक्षा दिली. एक राजा दुसऱ्या राजाला दोषी ठरवतो आणि त्याची किंमत म्हणून पुन्हा झाडापर्यंत चालत जातो. ऐकीव माहितीवर कोणालाही ‘कॅन्सल’ करण्याच्या आपल्या दिवसांत हे उत्तर जरा टोचतंच.

शेवटच्या कोड्यात नात्यांचा असा गुंता आहे की राजाला उत्तरच सापडत नाही. तो गप्प राहून चालत राहतो. आणि इथेच तो जिंकतो! वेताळ खूश होऊन सांगतो, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तेव्हा म्हण, आधी तुम्ही करून दाखवा. भिक्षू वाकतो आणि राजाची तलवार चालते.

म्हणजे माहीत असेल तर किंमत मोजूनही बोल. माहीत नसेल तर उगाच ठोकून देऊ नकोस. प्रत्येक विषयावर दोन मिनिटांत स्टोरी टाकणाऱ्या आपल्या पिढीला दुसरा भाग जास्त अवघड जाईल. तुम्ही पहिल्यांदा मतदान केलं असेल, कॉलेजात एखाद्या फेस्टची जबाबदारी घेतली असेल, तर छोट्या प्रमाणात का होईना, तीच खुर्ची तुमचीही आहे.

आणि मुलांना इतकं भयानक वाचायला द्यावं का? ‘चांदोबा’ने ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं. मुलं घाबरली, पांघरुणात शिरली आणि पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट बघत बसली. भीती सोबतीला असली तरी चालत राहता येतं, हे त्यांना त्या राजाने दाखवलं.

तेव्हा धाकट्या भावंडाला परदेशी फँटसी जरूर घेऊन द्या. सोबत एक जुनी वेताळकथाही वाचून दाखवा. शेवटचा प्रश्न आला की थांबा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या. आणि पावसाळ्यात नाणेघाटाचा बेत ठरलाच, तर रील काढून झाल्यावर लेण्यातल्या त्या पावलांपाशी दोन मिनिटं उभे राहा. पैठणच्या वाटेवरच आहात तुम्ही.