मैदान कोणाचे? मुंबईच्या जुन्या क्रिकेट क्लबांची हकीकत

क्रिकेट क्लबाचा इतिहास म्हटला की धावांचे आणि बळींचे तक्ते, चषक आणि सत्कार डोळ्यांपुढे येतात. आम्हांला मात्र, कामगार संघटनेत आयुष्य गेल्यामुळे असेल, कोणत्याही संस्थेविषयी प्रथम तीनच प्रश्न सुचतात. वर्गणी कोणी भरली? जागा कोणाची होती? आणि सभासद कोणाला करून घेतले? मुंबईच्या जुन्या क्लबांना हे प्रश्न विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एतद्देशीयांचा पहिला क्रिकेट क्लब पारशी तरुणांनी मुंबईत १८४८ साली काढला. त्याचे नाव ओरिएंटल. तो थोड्याच काळात मोडला. पण १८५० साली यंग झोरोॲस्ट्रियन हा क्लब निघाला, आणि पुढल्या वीस वर्षांत पारशी क्लबांची संख्या तिसाच्या घरात गेली. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ सालचा. त्याच्यामागून गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा अशी जातींची नावे लावलेले क्लबही आले. यांतल्या बहुतेकांजवळ स्वतःची इमारत नव्हती की कुंपण नव्हते. फोर्टबाहेरचे मोकळे मैदान हीच सर्वांची सामाईक पुंजी.

या पुंजीवर घाला आला तो पोलोच्या घोड्यांमुळे. १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तेथे सभासद फक्त गोरे. त्यांनी आपली क्रिकेटची हिरवळ राखून ठेवली, आणि पोलो मात्र एतद्देशीय पोरे खेळत त्या भागात सुरू केला. क्रिकेटला सपाट जमीन लागते. घोड्याच्या टापेने पडलेल्या खळग्यात चेंडू पडला की तो कोठे उसळेल याचा नेम नाही. फलंदाजाचे कसब तेथे निरुपयोगी होते. आठवड्यातून दोन दिवस घोडे धावले तरी उरलेल्या दिवसांचा खेळ बिघडतो, तो असा.

तेव्हा १८८१ साली शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेला. त्यावर शेकडो सह्या होत्या. आणि त्या पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्वांच्या होत्या. अर्जाचा मुद्दा सरळ होता. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. मग मैदानावर पहिला हक्क कोणाचा? १८८२ साली सरकारने तक्रार मान्य करून पोलो कूपरेजकडे हलवला. पण जिमखानेवाल्यांचे वजन मोठे. १८८३ साली निकाल फिरला आणि घोडे परत आले.

यापुढची गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला आणि त्याला केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर, जागा मिळाली. १८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस हे गव्हर्नर होते. त्यांच्या अमदानीत शेजारीच इस्लाम जिमखाना व हिंदू जिमखाना उभे राहिले. हिंदू जिमखान्याला परमानंददास जीवनदास यांचे नाव लागले, कारण देणगी त्या घराण्याची होती. जागा मिळाल्या, हे चांगलेच झाले. परंतु सर्वांनी मिळून मागितलेले मैदान मिळाले नाही. मिळाले ते धर्मवार तुकडे. सरकारचा हेतू काही असो, आणि हेही खरे की मागणी त्या त्या समाजाच्या धनिक पुढाऱ्यांनीच केली होती. संघटनेत काम केलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. एकत्र मागणी नाकारायची आणि वेगवेगळ्यांना थोडे थोडे द्यायचे, म्हणजे एकत्र येण्याचे कारणच संपते.

याचा परिणाम पुढे दिसला. १९०७ साली तिरंगी, १९१२ साली चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी सामने झाले, ते सर्व धर्मवार संघांचे. १९४६ नंतर ते बंद पडले.

आता तिसरा प्रश्न. एका छताखाली आलेले सारे बरोबरीचे होते काय? पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर ते महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखीत, जाळी लावीत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. त्यांचा डावखुरा चेंडू पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू चालत होता, कपबशी चालत नव्हती! १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही त्यांना हिंदू संघाचे नायकपद मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले.

१९४८ साली मुंबईत कांगा लीग सुरू झाली. ऐन पावसाळ्यात, ओल्या मैदानांवर, धर्माच्या नावाने नव्हे तर क्लबाच्या नावाने संघ एकमेकांशी खेळू लागले. १८८१ च्या अर्जावर ज्या सह्या शेजारी शेजारी होत्या, त्यांचे वारस पुन्हा एका तक्त्यात आले, असे आम्ही मानतो. आझाद मैदानावर, ओव्हलवर आजही एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा दिसतो. ज्याच्याजवळ जिमखान्याची वर्गणी नाही, त्या मुलाचा क्लब अशा मोकळ्या जमिनीवरच जगतो. ती जमीन भिंतीआड गेली की तो क्लब ठराव न करताच बरखास्त होतो.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या गावच्या, आळीच्या क्लबाचा इतिहास लिहाल तेव्हा धावा लिहाच; पण मैदान कोणाकडून, कोणत्या अटीवर मिळाले तेही लिहा. कोणाला आत घेतले नाही ते लिहा. आणि पहाटे येऊन खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्या माळ्याचे नाव व पगार लिहायला विसरू नका.