'नाशिकला रेफर केलं' म्हणजे नक्की काय?

आजचं इंग्रजी क्रियापद आमच्या जव्हार-मोखाड्यात शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत आहे. "सुनेला नाशिकला रेफर केलं," असं ती सहज सांगते. इंग्रजीत उच्चार मात्र 'रिफर', जोर 'फर'वर.

मूळ लॅटिन. 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं. ट्रान्सफरमधला 'फर'सुद्धा तोच. पाड्यावरून डोली करून पेशंट रस्त्यापर्यंत आणणाऱ्यांना हा अर्थ वेगळा समजवायला नको.

आता नीट ऐका, सगळी गंमत 'टू'च्या जागेत आहे. 'द डॉक्टर रिफर्ड हर टू नाशिक', म्हणजे डॉक्टरांनी तिला नाशिकला पाठवलं. 'द डॉक्टर रिफर्ड टू हर', म्हणजे डॉक्टरांनी तिचा नुसता उल्लेख केला. 'टू' जरासा सरकला आणि पेशंट जागच्या जागी राहिला! स्वतःबद्दल सांगताना 'आय वॉज रिफर्ड टू नाशिक' म्हणा. 'वॉज' गाळलात तर 'मी नाशिकचा उल्लेख केला' असं होतं.

चिठ्ठी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाची असो की मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाची, 'रिफर्ड टू' दिसलं की त्यापुढे जायचं ठिकाण असतं. 'रिफर्ड बाय'पुढे पाठवणाऱ्याचं नाव. रात्री दोनला 108 ची गाडी दारात उभी असते तेव्हा घरात इंग्रजी वाचणारे तुम्हीच असता, म्हणून हे दोन शब्द पाठच करून ठेवा.

अजून एक. रेफर म्हणजे डिस्चार्ज नाही. डिस्चार्ज म्हणजे घरी सोडलं. रेफर म्हटलं की आपल्याकडे काहींना वाटतं, डॉक्टरांनी हात वर केले, आता घरी न्या. या क्रियापदात तसं काही नाही. इथे जी सोय नाही ती जिथे आहे तिथे पाठवलंय, उपचार अजून चालूच आहेत. घरच्यांना हे मराठीत सांगायचं काम तुमचं.

बाकीचे उपयोग सोपे आहेत. मोबाईलवरचं 'रेफर अँड अर्न' म्हणजे दोस्ताला ॲपकडे पाठवा, पैसे कमवा. 'रिफर टू द डिक्शनरी' म्हणजे शब्दकोश बघा. इथला 'टू' खाऊ नका. स्पेलिंगमध्ये 'रिफर्ड'ला मधे दोन आर, 'रेफरन्स'ला एकच, कारण तिथे जोर पुढे 'रे'वर जातो.

आता मोठ्याने म्हणा: 'माय ग्रँडमदर वॉज रिफर्ड टू नाशिक.' मग 'वॉज' काढून म्हणा, आणि आजीने काय केलं ते सांगा!